नसलेल्या पोरीचा डबा

चाळीस पोरं जन्माला घालायला उज्वलाला नऊ दिवस लागले. पहिल्या एकीला नऊ महिने लागले होते, त्या मानाने हे काम झपाट्याने उरकलं असंच म्हणायला पाहिजे.

पहिली एक म्हणजे जुई. वय दहा महिने, दात अडीच, आणि सध्याचा मुख्य व्यवसाय लॅपटॉपची वायर चघळणे. बाकीची चाळीस मात्र या जगात नव्हती. त्यांना नाव होतं, गाव होतं, बारावीचे गुण होते, आई-बाप होते, एकाला तर जन्मापासून सर्दीही होती. फक्त ती स्वतः नव्हती. नसलेल्या माणसांना उज्वलाच्या ऑफिसात फिक्स्चर म्हणतात. सॉफ्टवेअर नीट चालतं का, हे रोज आपोआप तपासणारे प्रोग्राम असतात. त्या प्रोग्रामांना तपासणीसाठी माणसं लागतात, आणि ती रोज तीच, तेवढीच आणि तशीच लागतात. तपासणी झाली की सगळी पाटी पुसायची आणि पुढच्या तपासणीला तीच चाळीस पोरं पुन्हा पहिल्यासारखी, आंघोळ करून, भांग पाडून हजर. खऱ्या पोरांकडून ही अपेक्षा करता येत नाही, हे उज्वलाला जुईने शिकवलं होतं.

तरीही आधी खरीच पोरं वापरली जात होती. कंपनी लातूरची, शिवशंकर सरांची. सॉफ्टवेअर लातूरच्याच ध्रुव क्लासेससाठी, म्हणजे डॉक्टर व्हायला निघालेल्या दोन हजार पोरांची हजेरी, गुण आणि पालकांना संदेश. तपासणीसाठी सरांनी क्लासच्या खऱ्या रजिस्टरची सरळ नक्कल करून घेतली होती. नव्याने माणसं कशाला बनवायची, देवाने बनवलेली आहेत की, असा त्यामागे विचार होता. मग एका बुधवारी तपासणी चालू असताना सहाशे खऱ्या पालकांना खरा संदेश गेला, की आपला पाल्य आज गैरहजर आहे. उदगीरहून एक जीप भरून आली. देगलूरच्या एका आईने रस्त्यातच नवस बोलला. कंधारचा एक बाप मोटरसायकलवर तीन तास तापत आला, भौतिकशास्त्राच्या तासातून पोराला बाहेर काढलं आणि विचारायच्या आधी एक ठेवून दिली. पोरगा हजर होता हे कळल्यावर इतक्या लांब आलोच आहोत म्हणून आणखी एक दिली.

त्यानंतर सरांनी ठरवलं की खोटी पोरं बनवावीत, आणि ते काम बाळंतपणाच्या रजेनंतर नांदेडला घरूनच काम करणाऱ्या उज्वलाला द्यावं. नुसती नावं तर भरायची, असं ते म्हणाले. तीन आठवड्यांत दोनशे बारा तपासण्या हिरव्या, म्हणजे पास झालेल्या, दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर पुण्याचा एक जण तयार आहे, तो जुन्या पद्धतीने खऱ्या रजिस्टरवरच काम करेल, आणि मॅडमनी बाळ मोठं होईपर्यंत निवांत राहावं.

निवांत या शब्दाचा अर्थ उज्वलाला ठाऊक होता. तिच्या आधी ऑफिसातली एक जण अशीच निवांत झाली होती. तिच्या खुर्चीवर आता सगळ्यांची हेल्मेटं ठेवतात.

तेव्हा उज्वलाने मनाशी ठरवलं, की चाळीस पोरं आपण अशी बनवू की पुण्याच्या माणसाने घरी बोलावून जेवू घालावीत.

कामाची वेळ जुईने ठरवून दिली होती. दुपारी एक ते दोन चाळीस, तीही कांदे-बटाट्याच्या गाडीवाल्याचा भोंगा गल्लीत आला नाही तर. नवरा बालाजी इस्लापूरच्या शाळेवर शिक्षक. तो शनिवारी नांदेडला यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचा, त्यामुळे त्याची मदत ही सणासारखी होती. पहिल्याच दिवशी उज्वला चहा ओतायला उठली आणि जुईने लॅपटॉपवर दोन्ही हातांनी एक विद्यार्थी भरला. नाव ककककझझ, वडिलांचं नाव अर्धविराम. सॉफ्टवेअरने त्याला मुकाट प्रवेश दिला. इतक्या वर्षांत कोणाला न सापडलेली ती चूक उज्वलाने रीतसर नोंदवली. शोधणाऱ्याच्या रकान्यात तिने जुईचं नाव लिहिलं, आणि सरांनी ते खोडल्यावर पुन्हा लिहिलं. मात्र त्या दिवसापासून पोरं आधी वहीत तयार करायची आणि जुई झोपल्यावर लॅपटॉपवर चढवायची, असा नियम झाला.

सरांना वाटलं होतं की ती विद्यार्थी एक, विद्यार्थी दोन असं लिहून मोकळी होईल. पण खोटं माणूस उपयोगी पडायचं तर त्याला काहीतरी अडचण असावी लागते. सुखी माणसामुळे सॉफ्टवेअरची एकही चूक सापडत नाही. म्हणून मुज्तबाचा जन्म एकोणतीस फेब्रुवारीचा. एका जुळ्याचं नाव दगडोबा आणि दुसऱ्याचंही कागदोपत्री दगडोबाच, कारण दाखला लिहिणाऱ्याने एकावरून दुसरा उतरवला होता. शिरूर अनंतपाळच्या एकीच्या घरी पाच भावंडांत एकच फोन. करीमला रसायनशास्त्रात बरोबर पस्तीस, कारण पास आणि नापास यांच्या उंबऱ्यावर कोणीतरी उभं राहायला हवं. आणि क्रमांक सतरा, सिद्धम्मा. आडनाव नाही. वडील नाहीत. आई कमलम्मा, इस्लापुरात भाकरी करून विकते. फोन नाही. गुण सगळ्यांत जास्त. आणि सलग दहा दिवस गैरहजर. ज्याच्या घरी फोनच नाही त्याच्या गैरहजेरीचा संदेश सॉफ्टवेअर कोणाला पाठवतं, हे बघण्यासाठी ती होती.

वही लिहिताना मांडीवर जुई असायची. तिच्या टाळूवरून हात फिरवत उज्वला एकेका पोराला अडचण वाटून द्यायची, आणि दिल्यावर तिला उगाच वाईट वाटायचं.

बाई घरी बसून चाळीस पोरांची यादी करतेय, ही बातमी इमारतीत लपण्यासारखी नव्हती. वरच्या मजल्यावरचे भीमाशंकर काका तहसीलमधून निवृत्त झालेले. त्यांनी वही चष्मा लावून वाचली आणि सांगितलं की कामाची मांडणी पायापासूनच चुकली आहे. एकाही पोराला रहिवासी दाखला नाही. जावक क्रमांक नाही. उज्वलाने सांगितलं की काका, ही पोरंच नाहीत. काका म्हणाले की पोरं नसली तरी चालतील, जावक क्रमांक पाहिजे. पस्तीस वर्षं आपण हेच करत आलो.

तळमजल्यावर साबेरा आपांचं शिवणकाम. त्यांचं म्हणणं वेगळं होतं.

"सगळ्यांना पन्नास-साठ देली, आन् आमच्या करीमलाच पस्तीस कायकू? त्यानं तुमचं काय खाल्लं?"

उज्वला ओशाळली. शेजार आहे, जुईची सगळी झबली आपांनीच शिवलेली. तिने करीमला तिथल्या तिथे एकाहत्तर गुण दिले. त्या दुपारी सहा तपासण्या लाल झाल्या. उंबऱ्यावरचा माणूस घरात जाऊन बसला, तर दार उघडतं का मिटतं हे कळायचं कसं? दोन दुपारी डोकं खाऊन उज्वला पुन्हा खाली गेली आणि आपांपुढे कबूल केलं की करीमला पस्तीसच ठेवावे लागतील. तो पोरगा नाही, ते माप आहे. रोज त्याच्यावरून बाकीचं सगळं मोजायचं आहे.

आपांनी मशीन थांबवली. खुंटीवर गिऱ्हाइकांनी दिलेली मापाची ब्लाउजं टांगलेली होती. त्यातलं एक त्यांनी हातात घेतलं.

"मग आसं सांगावं ना. मापाचा ब्लाउज हाय तो. मापाचा ब्लाउज कोन उसवतं का? एकदा माझ्या नणंदेनं मापाचाच सैल केला, साऱ्या लग्नातल्या बाया ढगळ्या फिरल्या."

फिक्स्चर म्हणजे काय हे कंपनीच्या प्रशिक्षणात चौसष्ट पानांत सांगितलं होतं. आपांना एक खुंटी पुरली. करीमला पस्तीस फक्त रसायनात आणि बाकी तिन्ही विषयांत अठ्ठ्याण्णव, यावर दोघींचा समझोता झाला.

इथवर सगळं ठीक होतं. एकशे नव्वद तपासण्या हिरव्या झाल्या होत्या. घोटाळा झाला तो सासूबाईंमुळे, आणि तोही त्यांच्या चांगुलपणामुळे, म्हणून निस्तरायला जास्त अवघड.

गुणाबाई कंधारजवळच्या गावच्या. शेत थोरल्या लेकाकडे सोपवून नातीसाठी नांदेडला आलेल्या. दुपारी जुई त्यांच्या मांडीवर झोपली की त्यांना उठता यायचं नाही, म्हणून जवळ पडलेली वही त्या एकेक अक्षर लावत वाचायच्या. ही कोणाची पोरं, असं त्यांनी एकदा विचारलंही होतं. उज्वलाच्या एका कानात मीटिंग, कडेवर जुई, गॅसवर दूध. ती म्हणाली, माझीच समजा. दूध उतू गेलं आणि खुलासा राहून गेला.

गुणाबाई क्रमांक सतरापाशी येऊन थांबल्या. बाप नाही, आई भाकरी विकते, पोरगी हुशार, लातुरात एकटी, आणि दहा दिवस वर्गात नाही. याचा अर्थ मराठवाड्यातल्या कोणत्याही बाईला एकच लागला असता. लातूरला शिकायला ठेवलेल्या पोराचा डबा गावाकडून एसटीने येतो. सकाळी आई डबा गाडीत ठेवते, कंडक्टर तो उतरवतो, संध्याकाळी रिकामा डबा परत येतो. पाच पन्नास गावांतली अर्धी वैद्यकशास्त्राची विद्या ही अशी एसटीच्या टपावरून गेलेली आहे. घरी फोन नाही, म्हणजे पोरगी आजारी पडल्याचं आईला कळणार नाही, मग डबा कुठून येणार? पोरगी उपाशी निजून असेल. वहीवर क्लासचं नाव होतंच.

गुणाबाई सुनेला काही बोलल्या नाहीत. सून आधीच चाळीस पोरांच्या काळजीने वाळत चालली होती. त्यांनी मंगळवारच्या भजनात गोष्ट काढली. अकरा बायांचे डोळे भरले. एकीचा दीर नांदेड-लातूर गाडीवर कंडक्टर निघाला. वार वाटून घेतले गेले. भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, आणि गुरुवारी धपाटे. डब्याच्या झाकणाला चिठ्ठी गुणाबाईंनी स्वतः लिहून बांधली. सिद्धम्मा, ध्रुव क्लासेस, लातूर. खाली रिकाम्या डब्याच्या चौकशीसाठी स्वतःचा मोबाईल नंबर.

त्यानंतर आठ दिवसांनी गुणाबाईंनी फोन सुनेपुढे धरला आणि हे काय आलंय ते वाच म्हणाल्या.

आपला पाल्य सिद्धम्मा आज गैरहजर आहे. ध्रुव क्लासेस.

उज्वलाने संदेश पुन्हा वाचला. तिने वहीत जन्माला घातलेली पोरगी खऱ्या क्लासच्या खऱ्या रजिस्टरात जाऊन बसली होती आणि तिथून खऱ्या फोनवर संदेश पाठवत होती. सहाशे पालकांचा बुधवार तिच्या डोळ्यांपुढून गेला. नक्कीच तिच्याच कामाला कुठेतरी भोक पडलं होतं. दोन दुपारी तिने ते भोक शोधलं. एकेक ओळ तपासली, जुईला झोळीत एका पायाने हलवत हलवत. भोक नव्हतं. खोट्याकडून खऱ्याकडे जाणारा एकही रस्ता नव्हता, तिने तो स्वतःच बंद केला होता.

तिसऱ्या दिवशी शिवशंकर सरांचा फोन आला. क्लासचे संचालक मल्लिनाथ सर संतापले होते. त्यांच्या रजिस्टरात वर्गात कधीच न दिसलेली एक पोरगी सापडली होती, आणि शिवशंकर सरांनी तिचं नाव तपासणीच्या यादीतलं म्हणून ओळखलं होतं. सरांनी आवाज चढवला नाही, जे जास्त वाईट होतं. तुमच्या खोट्या पोरांपेक्षा आपली खरी बरी होती मॅडम, असं ते म्हणाले. शुक्रवारी लातूरला बैठक आहे, पुण्याचा माणूस सोमवारपासून येतोय, तुम्ही यायची गरज नाही. बाळ लहान आहे.

फोन ठेवून उज्वला स्वयंपाकघरात आली. गुणाबाई परातीत भाकरी थापत होत्या. थापता थापता त्या म्हणाल्या की गैरहजर म्हणतात म्हंजी पोरगी अजून आजारीच दिसते. डबा तर जाऊन राहिला रोज.

"कोणता डबा, आत्याबाई?"

मग सगळं बाहेर आलं. अकरा बाया, कंडक्टर दीर, येसर, गुरुवारचे धपाटे. उज्वलाने खाली बसून सासूचा पिठाचा हात धरला.

"आत्याबाई, ती पोरगी नाही कुठं. मी बनवली तिला. माझ्या मनानं."

गुणाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.  इतकं दुःख बसून कोण रचतं, एवढंच एकदा पुटपुटल्या. मग त्यांनी मान वर केली.

"आन् मंग डबा रिकामा कसा येतो?"

या प्रश्नाने उज्वला उठून उभी राहिली. रिकामा डबा हा पुरावा होता. पलीकडे कोणीतरी होतं. जे झालं होतं ते तिच्या चाळीस पोरांमुळे नाही, तर लातुरातल्या एखाद्या टेबलावर झालं होतं. गुरुवारच्या दुपारी, भोंगा गल्लीत फिरत असताना, झोळी पायाने हलवत तिने उरलेल्या बावीस तपासण्या हिरव्या केल्या. भीमाशंकर काकांकडे जाऊन तिने एकच गोष्ट विचारली, रजिस्टरात चुकून चढलेलं नाव काढायला काय लागतं. काकांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदा तेज आलं. चढवायला काही लागत नाही, काढायला अर्ज, कारण आणि पालकाची सही लागते, असं त्यांनी सांगितलं. शेवटी जाताना जावक क्रमांकाचंही म्हणालेच.

शुक्रवारी सकाळच्या लातूर गाडीत उज्वला बसली. मांडीवर जुई, पायाशी लॅपटॉप, शेजारी गुणाबाई, कारण त्यांच्याशिवाय जुई झोपत नाही, आणि पालक म्हणून नंबर त्यांचाच होता. कंडक्टर दिराने आजचा डबा कुठाय म्हणून विचारलं. गुणाबाईंनी पिशवीतून काढून दाखवला. पोरगी नसली तरी शुक्रवारची पाळी चुकवायची नाही, असं त्यांचं मत पडलं होतं.

ध्रुव क्लासेसच्या काउंटरवर पूनम नावाची मुलगी होती. डब्यावरची चिठ्ठी बघून ती लगेच उभी राहिली, आणि उज्वलाला जे प्रोग्रामच्या ओळींत सापडलं नव्हतं ते दोन मिनिटांत सापडलं. तीन दिवस लागोपाठ सिद्धम्माच्या नावाने डबा आला. रजिस्टरात नाव नाही. मागच्या वर्षी असंच एका पोरीचं नाव चढवायचं राहिलं होतं आणि पूनमला सगळ्यांदेखत बोलणी बसली होती. ज्या पोरीचा डबा रोज नांदेडहून येतो ती नसेल कशी? पूनमने नाव आणि चिठ्ठीवरचा नंबर भरला. सॉफ्टवेअरने दुसरं काही विचारलं नाही. सिद्धम्माला प्रवेश मिळाला आणि दुसऱ्या दिवसापासून गैरहजेरी लागायला लागली.

"आन् भाजी कोन खाल्ली?" गुणाबाईंनी विचारलं.

पूनमने वरच्या मजल्यावरच्या वसतिगृहातल्या पोरींकडे बोट दाखवलं, मग जरा थांबून संचालकांच्या केबिनकडेही दाखवलं. जवसाची चटणी आल्या दिवशी सर स्वतः डबा आला का म्हणून विचारतात.

केबिनमध्ये मल्लिनाथ सर आणि शिवशंकर सर समोरासमोर बसले होते. कडेवर जुई घेऊन उज्वला आणि मागून गुणाबाई आत शिरल्यावर शिवशंकर सर अर्धे उठले, म्हणजे बसा म्हणायचं की जा म्हणायचं हे ठरेपर्यंत माणूस उठतो तेवढेच.

मल्लिनाथ सरांनी सरळ विचारलं की तुमची खोटी पोरगी आमच्या रजिस्टरात घुसली कशी.

"घुसली नाही सर. दार उघडं होतं," उज्वला म्हणाली. "नाव आणि नंबर, एवढ्यावर तुमच्याकडे कोणालाही प्रवेश मिळतो. माझ्या मुलीनं पहिल्या दिवशी अर्धविरामाच्या मुलाला मिळवून दिला. मी तेव्हाच लिहून कळवलं होतं. शोधणाऱ्याचं नाव दोनदा खोडलं गेलं, चूक कोणी दुरुस्त केली नाही."

शिवशंकर सर काचेखालच्या कॅलेंडरवरच्या सुट्ट्या वाचायला लागले.

तिने लॅपटॉप उघडून दोनशे बारा हिरव्या खुणा दाखवल्या. मल्लिनाथ सरांना हिरव्या खुणांशी कर्तव्य नव्हतं. त्यांना एकच कळत होतं, की आपल्या पवित्र रजिस्टरात एक बनावट पोरगी आहे. मग उज्वलाने त्यांना एक विनंती केली. फक्त नाव आणि नंबर असलेल्या, बाकी एकही कागद नसलेल्या नोंदी किती आहेत, ते पूनमकडून मोजून घ्या.

"यादी मला दाखवू नका सर. खऱ्या पोरांची नावं मला बघायची नाहीत. नुसता आकडा सांगा."

सरांनी पूनमला आत बोलावलं. तिने त्यांच्या संगणकावर बटण दाबलं आणि स्क्रीनकडे बघत राहिली. सरांनी दोनदा विचारल्यावर तिने हळूच सांगितलं, चोवीस.

म्हणजे सिद्धम्मा सोडून तेवीस. ती पोरं कोण, कुठली, आहेत की नाहीत, हे त्या केबिनमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. बाहेर रस्त्यावरच्या फलकावर विद्यार्थ्यांची एकूण संख्या लाल अक्षरांत झळकत होती आणि खिडकीतून तिचे शेवटचे दोन आकडे दिसत होते. मल्लिनाथ सरांनी उठून पडदा ओढला.

त्यांचा आवाज उतरला होता. हे दार बंद कोण करणार, असं त्यांनी विचारलं. शिवशंकर सरांनी घसा साफ केला आणि सोमवारी पुण्याहून एक अनुभवी...

"मी करणार," उज्वला म्हणाली. तिच्या कडेवरून जुई टेबलावरच्या पेनांच्या भांड्याकडे झेपावत होती, म्हणून तिला हे वाक्य जरा वाकून म्हणावं लागलं, पण म्हणताना ते डगमगलं नाही. "पुण्याच्या माणसाला तुमचं खरं रजिस्टर द्यावं लागेल सर. पुन्हा एखादा बुधवार येईल आणि कंधारहून कोणीतरी निघेल. माझी चाळीस पोरं कोणाच्या घरी संदेश पाठवत नाहीत. काम मी दुपारी एक ते दोन चाळीस करते आणि बाकी जेव्हा जमेल तेव्हा. निवांत मला राहायचं नाही."

मल्लिनाथ सर व्यवहारी माणूस. ते शिवशंकर सरांकडे न बघताच म्हणाले की काम यांच्याकडेच राहील, नाहीतर करार पुढच्या वर्षी राहणार नाही. शिवशंकर सर म्हणाले की त्यांचंही आधीपासून तेच मत होतं. उज्वलाने ते त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घेतलं. तिथेच, उभ्या उभ्या.

आता फक्त सिद्धम्माचं नाव काढायचं होतं. पूनमने नोंद उघडली, कागद छापून आणला आणि पालकाच्या सहीसाठी गुणाबाईंपुढे ठेवला. गुणाबाईंनी तो बोट ठेवत वाचला. मग पुन्हा वाचला. मग पेन टेबलावर ठेवला.

"ह्याच्यावर मी सही करनार न्हाई."

शिवशंकर सरांनी समजावलं, आजी, ती मुलगी मुळात नाहीच.

"ते समजलं मला. नसंना का. पन हितं कारन काय लिवलंय? शिक्षण सोडले. तिनं कुठं सोडलं? काढून तर तुमी राहिलेत."

पूनमने सांगितलं की कारणांच्या यादीत तेवढं एकच कारण येतं. आजवर प्रत्येकाला तेच लावलंय.

"माझ्याबी दाखल्यावर हेच लिवलं व्हतं," गुणाबाई म्हणाल्या. "चौथीत. मी सोडली नव्हती शाळा. मला तर पाटी घेऊन जायचं व्हतं दुसऱ्या दिशी. सही कोनं केली, मला आजपावेतो म्हाईत न्हाई."

त्या हे कोणाला ऐकवायला म्हणाल्या नव्हत्या. कागदाकडे बघूनच म्हणाल्या. चार वर्षं या घरची सून असून उज्वलाला हे कळलं नव्हतं. दुपारभर मांडीवर नात घेऊन एकेक अक्षर लावणाऱ्या या बाईला तिने फक्त हळू वाचणारी समजलं होतं.

"सर, यादीत दुसरं कारण घाला," उज्वला म्हणाली.

शिवशंकर सर म्हणाले, घालू की, सोमवारी बघतो.

"आत्ता घाला. गाडी चारची आहे."

मग लातुरातल्या त्या केबिनमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीचे मालक स्वतःचा लॅपटॉप उघडून बसले, आणि उज्वलाला शेजारी उभं राहून ओळ दाखवायची होती म्हणून जुई त्यांच्याच मांडीवर आली. जुईने त्यांच्या चष्म्याची एक काडी तोंडात घातली. सरांनी दुसरी धरून ठेवली. कारण काय लिहायचं म्हणून त्यांनी गुणाबाईंना विचारलं.

"लिवा, दुसरीकडं शिकून राहिली."

"तसंच?"

"तसंच लिवा," उज्वला म्हणाली.

कागद पुन्हा छापून आला. सिद्धम्मा, आणि गुणाबाईंनी सांगून भरून घेतलेलं आईचं नाव कमलम्मा, इस्लापूर. कारण, दुसरीकडं शिकून राहिली. गुणाबाईंनी पदर सावरला, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि सही केली. पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मध्ये कोणी घाई केली नाही. सही झाल्यावर पूनमने कागदाला हात लावला, तर त्यांनी तो सोडला नाही.

"एक कापी मला बी द्या."

प्रतीसाठी वेगळा अर्ज लागतो, असं पूनम सवयीने म्हणाली. मग तिने गुणाबाईंच्या तोंडाकडे बघितलं, आणि उठून झेरॉक्सचं बटण दाबलं.